शनिवारचं तेल

माझ्या खोलीत आप्पा पहिल्यांदा आले ते कौलं कुठं गळतायत ते बघायला. मीच बोलावलं होतं, जरा तावातावानंच. पण वर बघायच्या ऐवजी त्यांनी खिशातून वीतभर पोलादी पट्टी काढली, माझा बसायचा पाट उचलला, त्यावर ती पट्टी उभी धरली आणि एक डोळा मिटून तिच्याखालून येणारा उजेड बघत राहिले.

"बाई, ह्यो पाट न्हवं, परात हाय," ते म्हणाले. "मधी किती बुडालाय बगा. तुमी बसताय कशा ह्याच्यावर?"

पाट काखेत मारून ते खाली गेले. संध्याकाळी तो परत आला तेव्हा इतका सपाट झाला होता की त्यावर बसलं की घसरायला व्हायचं. कौलं मात्र तो सगळा पावसाळा गळत राहिली.

मुलींच्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी मिरजेहून कोल्हापुरात आले होते आणि शुक्रवार पेठेत आप्पांच्या माडीवर राहत होते. आप्पा म्हणजे माझे घरमालक. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अव्वा. दोघं एरवी मराठी बोलायची, भांडण लागलं की कानडी. अव्वांकडचं भांडण 'साकु' या शब्दावर संपायचं. साकु म्हणजे पुरे. कानडीतला तेवढाच शब्द मी शिकले, पण तो भरपूर ऐकला.

ऐकायला कारण होतं. कारण सोप्यात उभं होतं. घरात शिरल्या शिरल्या जिथं पाहुण्यांना बसायला बैठक घालायची, तिथं आप्पांनी एक मिलिंग मशीन, म्हणजे लोखंड कापायचं यंत्र, आणून ठेवलं होतं. माणसापेक्षा उंच, बैलापेक्षा जड. लढाई संपल्यावर लष्कराचं जुनं सामान लिलावात निघायचं, त्यात त्यांनी ते घेतलं. तिथं ते पावसात उघड्यावर पडून होतं. येताना ते गंजानं असं भरलं होतं की नक्की काय घेतलंय हे आप्पा सोडून कुणालाच कळेना. दार पुरेना म्हणून दाराची चौकट काढली, तरी पुरेना म्हणून भिंत पाडली. बैलगाडीवरून ते उतरवलं समोरच्या तालमीतल्या पैलवानांनी. खाली लोखंडी नळ्या घातल्या, अंगाला दोर बांधले आणि आत ओढलं. आप्पा पुढं उभं राहून कुस्तीच्या फडात ओरडावं तसं ओरडत होते. मग सगळ्या तालमीला थंडाई पाजली आणि मशीनमागं भिंत परत बांधून टाकली. अव्वा म्हणायच्या, "भिंत बांधली तवाच मी वळकलं, ह्ये आता माझ्या मढ्यासंगट भाईर पडणार."

खरं तर आप्पा गुळाचे अडते. शाहूपुरीत पेढी होती, ती धाकट्या भावावर सोपवून हे मोकळे झाले होते. लोखंडाचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. विचारलं तर सांगायचे, "बाई, जन्मभर गूळ इकला. हंगामात चरकाच्या चाकाचा एक दात तुटला की गुऱ्हाळ बंद. चाक यायचं मुंबैहून. तवर इकडं रस आंबतोय, ऊस वाळतोय, आन् मानसं एकमेकाच्या तोंडाकडं बगत बसत्यात. दात हितंच पाडायला काय झालंय? ह्ये मशीन दातं पाडतंय, दातं." आणि स्वतःचे दात दाखवत मोठ्यानं हसायचे. त्यांचं हसणं माडीवर माझ्या कपात चहा हलवायचं.

मला आवाजाचा भारी तिटकारा. आणि खाली पहाटेपासून कर्र कर्र, कर्र कर्र. एकदा वह्या तपासताना मी उठले, तणतणत जिना उतरले आणि म्हटलं, आप्पा, हे काय चाललंय तरी काय. ते उकिडवे बसले होते. पुढ्यात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीतून मागून आणलेला, अगदी सपाट असा बिडाचा पाटा. शेजारी त्यांची मुलगी गौरा, हात कोपरापर्यंत लाल. पाट्यावर तेलात कालवलेला शेंदूर पातळ पुसायचा, तो पाटा मशीनच्या अंगावर घासायचा. जिथं लोखंड उंच असेल तिथं शेंदूर लागतो, खोल असेल तिथं लागत नाही. मग लाल लागलेलं तेवढंच धारदार पट्टीनं खरवडायचं, पुसायचं, परत पाटा घासायचा. असं करत करत सगळीकडं सारखं लाल उमटलं की ते खरं सपाट.

"तुमच्या हातात काय हाय?" आप्पांनी मला विचारलं.

माझ्या हातात लाल शाईचा टाक होता.

"मग झालं तर. जितं लाल, तितं चूक. तुमचं आमचं काम एकच हाय की. तुमी पोरीस्नी वरडताय, मी लोखंडाला."

मी तिथंच पायरीवर बसले आणि बघायला लागले. खरं सांगते, त्यानंतर शाळेतून आले की मी आधी सोप्यात डोकवायची आणि मग माडी चढायची. लाल ठिपके रोज थोडे जास्त, थोडे बारीक उमटायचे, आणि ते बघून गौरा, आप्पा आणि मी, तिघंही सण असल्यासारखी खूश व्हायचो. त्या घरात मला इतकं चैतन्य वाटायचं की सुट्टीला मिरजेला जायचंही जिवावर यायला लागलं.

आप्पांचे एकेक प्रकार सांगावेत तेवढे थोडे. विडीला न शिवलेला हा माणूस चौकातून सिगारेटी आणायचा, सोप्यात बसून त्या एकेक सोडायचा, तंबाखू शेजारच्या म्हातारबांच्या डबीत ओतायचा आणि कागद जपून ठेवायचा. सरकत्या भागाच्या फटीत तो पातळ कागद घालून हळूच ओढून बघायचा. इकडून तिकडून सारखाच अडकत आला तर फट सारखी. गल्लीत मात्र बोभाटा, की आप्पांना या वयात व्यसन लागलं. अव्वांनी त्यांच्या तोंडाचा वास घेतला तेव्हा कुठं आप्पा ओढत नाहीत हे त्यांना पटलं. एकदा भाकरी थापायला बसल्या तर काठवटच नाही. ती मशीनखाली सापडली, तेलानं भरलेली. फिरवायची एक मूठ मोडली होती, तर नवीन ओतून येईपर्यंत तिथं लाटणं ठोकलेलं. अव्वांनी ते लाटणं धरून फिरवून बघितलं, वरचं टेबल सुर्र करून सरकलं, आणि मी शपथेवर सांगते, त्या क्षणभर हसल्या. मग म्हणाल्या, "साकु."

असं सगळं रंगात आलेलं असताना गौराला स्थळ आलं. उचगावचं. घरची शेती, घरचं गुऱ्हाळ, मुलगा मॅट्रिक झालेला. गौरानं त्याला नात्यातल्या एका लग्नात बघितलं होतं. मला म्हणाली, "बाई, तो हसतोय चांगला." एवढंच म्हणाली, पण ते म्हणताना हातातला शेंदूर पुसायचंसुद्धा विसरली. मी काय ते समजले.

अडचण होती मुलाच्या आज्जीची. त्या घरात शब्द तिचा चालायचा, आणि तिनं आधीच बजावून ठेवलेलं, नादिष्टाच्या घरची पोरगी नको. तिचा नवरा शर्यतीच्या बैलांच्या नादात गेला होता. देवापुढच्या दिव्यातलं तेल काढून बैलांच्या शिंगांना लावायचा, आणि ही अंधारात बसायची, असं ती स्वतःच चार बायकांत सांगायची. अव्वांनी ते ऐकलं आणि सोप्याकडं बघून कपाळावर हात मारला. कोल्हापुरात नाद नसलेला माणूस शोधायचा म्हणजे आधीच कठीण, त्यात आप्पा.

मशीन हलणं शक्य नव्हतं. तेव्हा अव्वांनी आप्पांना गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून वचन द्यायला लावलं, की पाहुण्यांपुढं मशीन हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ठेवलेला माल आहे म्हणायचं आणि गप्प बसायचं. मशीनवर त्यांनी आपलं हिरवं इरकली लुगडं टाकलं. मला बोलावून घेतलं, शिकलेली बाई जवळ बसलेली बरी दिसते म्हणून.

पाहुणे शनिवारी आले. आज्जी काठी टेकत आली, लहानखुरी, नजर घारीची. चहा झाला, गौरा पोहे देऊन बसली, मुलगा खरंच चांगला हसला. आप्पा भिंतीला पाठ लावून ओठ घट्ट मिटून बसले होते. मला वाटलं, निभावलं.

आणि लुगडं घसरलं. इरकली ते, त्याला कुठला धर. गंज धरू नये म्हणून आप्पांनी मशीनच्या सगळ्या अंगाला शेंदूर फासलेला. वर गोल डोकं, बाजूला पुढं आलेला हात, खाली रुंद बैठक, आणि सगळं लालभडक. आज्जी काठी टाकून उठली. दोन्ही हात जोडले.

"मारुतीराया व्हय? घरातच स्थापलाय?"

आप्पांनी अव्वांकडं बघितलं. अव्वा म्हणाल्या, "व्हय."

"बया, आन् झाकून ठिवलाय," असं म्हणत आज्जीनं ओटीसाठी आणलेला नारळ उचलला. समोर टेबलाची कड होती. महिन्यामागून महिने खरवडून, ठिपका ठिपका मोजून सपाट केलेलं, पुसून कोरडं ठेवलेलं ते टेबल. नारळ त्यावर फुटला असता तर कडेला टवका आणि वर पाणी, म्हणजे सकाळी सगळा गंज. आज्जीनं हात वर नेला आणि आप्पा असे झेपावले की धोतराचा सोगा सुटला. त्यांनी आपला पंजा टेबलावर पसरला आणि दुसऱ्या हातानं नारळ वरच्यावर धरला.

"आज्जी, नारळ न्हाय फोडायचा ह्येच्यावर," ते धापा टाकत म्हणाले. "पाणी न्हाय चालत. ह्येला... ह्येला तेल."

"व्हय की. आज शनवार न्हवं का," आज्जी म्हणाली. "अव्वा, वाईच तेल आणा."

अव्वांनी शेंगदाण्याचं तेल आणलं. आज्जीनं वाटीभर तेल मशीनच्या डोक्यावर ओतलं, बोटानं शेंदूर घेऊन स्वतःच्या, गौराच्या आणि मुलाच्या कपाळाला लावला आणि म्हणाली, की ज्या घरात देव असा जागता आहे त्या घरची पोरगी आम्हाला पसंत. दिवाळीनंतर साखरपुडा ठरला. गौरा आत पळाली. मला तर टाळ्या वाजवाव्यात असं झालं. आप्पा तेवढे खाली बसून धोतराचा सोगा खोचत होते आणि कुणाकडंच बघत नव्हते.

पुढच्या शनिवारी उचगावाहून तांब्याभर तेल आलं. दुधाची किटली घेऊन पेठेत येणाऱ्या गवळ्याच्या हाती आज्जीनं पाठवलेलं, मारुतीला. त्याच्या पुढच्या शनिवारीही आलं. दर शनिवारी यायला लागलं. अव्वा खुशीत होत्या. आप्पा त्या तांब्याकडं विंचवाकडं बघावं तसं बघायचे. ते तेल त्यांनी लोणच्याच्या मोठ्या बरणीत साठवायला घेतलं, वर फडकं बांधलं आणि बरणी माझ्या जिन्याखाली ठेवली.

मी म्हटलं, "मशीनला घाला की, नाहीतरी तेलच लागतं त्याला."

"खायाचं तेल फिरत्या भागात चिकटतंय. कापताना धारंवर सोडलं तर ब्येस. पर त्ये आपलं न्हाय, बाई. त्ये मारुतीचं हाय."

"मग पेठेतल्या मारुतीला वाहून टाका."

"आज्जीला इचारल्याबिगार? तिनं कुटल्या मारुतीला धाडलंय?" आप्पांचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "केसाएवढी फट मला झोपू देत न्हाय. आन् ही केवडी फट ठिवलीया बगा घरात. मी सांगून टाकतो तिला."

हे अव्वांनी आतून ऐकलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "सांगा. आन् पोरीचं लगीन मोडा. लगीन हूद्या, मग काय ती घंटा वाजवायची ती वाजवा." गौरा दारात उभी होती. ती नुसती पाटा पुसत राहिली. आप्पांनी बरणीवरचं फडकं परत घट्ट बांधलं. त्या दिवशी कानडीसुद्धा झाली नाही.

काम मात्र त्यामुळं दुप्पट जोरात सुरू झालं. जणू मनातलं सगळं ते लोखंडावरच काढत होते. उद्यमनगरातून मूठ ओतून आली, लाटणं अव्वांना परत मिळालं. बोळात जुनं ऑइल इंजिन बसवलं, भिंतीला भोक पाडून पट्टा आत घेतला. आणि एका सकाळी आप्पांनी मला हाक मारली. टेबलाच्या एका टोकाला एक बोट लावलं, नुसतं बोट, आणि ते एवढं जड टेबल आवाज न करता सरकत दुसऱ्या टोकाला गेलं. गौरानं सगळ्या फटीतून कागद ओढून बघितला. सगळीकडं सारखा अडकत आला. मला रडू फुटलं. लोखंडासाठी रडले म्हणून मिरजेत कुणाला सांगितलं नाही, इथं सांगते.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून आप्पा दिवसभर हात मागं बांधून सोप्यात येरझाऱ्या घालत होते. दसरा उजाडला आणि त्यांनी इंजिन चालू केलं. बोळात टाक टाक टाक सुरू झालं, पट्टा फिरायला लागला, मशीनचं काळीज धडधडायला लागलं. तालमीतले पैलवान आले, म्हातारबा डबी घेऊन आले, सगळी गल्ली खिडकीला लागली. फाउंड्रीतून आणलेलं बिनदाताचं चाक आप्पांनी वर आवळून बसवलं. आता फक्त कापणाऱ्या फिरत्या धारेला लावायचं बाकी होतं.

तेवढ्यात पैलवान बाजूला झाले आणि दारात उचगावची आज्जी दिसली. हातात सोनं द्यायला आपट्याची पानं, मागं नातू, आणि नातवाच्या हातात तेलाचा तांब्या. सणाचा दिवस म्हणून ती मारुतीच्या दर्शनाला स्वतः आली होती. मारुतीचं डोकं गरगर फिरत होतं.

अव्वा 'साकु' म्हणून खालीच बसल्या. आप्पांनी बोळाकडं हात करून इंजिन बंद करायला सांगितलं.

"आज्जी," आप्पा म्हणाले, "ह्यो मारुती न्हाय. मशीन हाय. त्या दिशी बी मशीनच होतं. माझा नाद हाय ह्यो, आन् लई मोटा हाय. तुमाला सांगितलं न्हाय, चुकलं. पोरीचा काय दोष न्हाय त्यात."

आज्जी पुढं आली. काठीनं मशीनच्या पायाला टक टक करून बघितलं. मग आप्पांच्या तोंडाकडं न बघता विचारलं, "माझं तेल कुटं गेलं?"

आप्पा माझ्या जिन्याखाली वाकले आणि बरणी दोन्ही हातांनी उचलून आणली. फडकं सोडलं. बरणी काठापर्यंत भरलेली होती.

"थेंब लावला न्हाय," ते म्हणाले. "देवाचं म्हनून दिलेलं. तुमाला इचारल्याबिगार कुटं घालायचं?"

आज्जीनं बरणीत बोट बुडवलं, वास घेतला. नातू एकदा गौराकडं बघायचा, एकदा आज्जीकडं.

"आमच्या ह्यांनी दिव्यातलं काढलं आन् शिंगाला लावलं," ती शेवटी म्हणाली. "तुमी नादापायी दिव्यातलं काढलं न्हाय." मग काठी नातवाच्या हातात दिली. "ह्येच्यावर आमच्या चरकाचं दातं पडत्याल व्हय?"

"पडत्याल की," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज परत होता तिथं गेला. माडीवर माझा चहा नक्की हलला असणार.

"मग लावा चालू. तेल कुटं सोडायचं त्ये दावा मला."

इंजिन सुरू झालं. आप्पांनी गौराला पुढं केलं, तिनं मूठ फिरवली, चाक धारेला टेकलं. चर्र करून लोखंडाचा पहिला कीस निघाला, आणि आज्जी पळीनं तेल सोडत होती, अगदी बेतानं, जिथं आप्पांचं बोट दाखवेल तिथंच. तेल तापलं, धूर निघाला आणि साऱ्या सोप्यात शेंगदाण्याच्या तेलाचा खमंग वास पसरला. भजी तळतायत असं समजून गल्लीतली पोरं ताटल्या घेऊन आली. पहिला दात पूर्ण झाला तेव्हा आप्पांनी पट्टी काढली नाही, एक डोळा मिटला नाही. नुसता अंगठा फिरवला आणि आज्जीच्या पाया पडले. पैलवानांनी आरोळी ठोकली. मी तर जिन्याच्या पायरीवर उभी राहून ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. गौरा तेलाशेंदराच्या हातानं डोळे पुसत होती आणि कपाळ लाल करून घेत होती.

आज्जीनं आपट्याचं पान आप्पांना दिलं, अव्वांना दिलं, मला दिलं. निघताना एक पान तिनं मशीनच्या टेबलावर ठेवलं आणि हात जोडले.

पुढच्या शनिवारी गवळी आला नाही. नातू स्वतः सायकलवरून आला. कॅरिअरला तांब्या नव्हता, तेलाचा अख्खा डबा बांधलेला होता. तो त्यानं सोप्यात आप्पांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "आज्जीनं सांगितलंय, ह्ये मारुतीचं न्हाय. ह्ये मशीनचं."